हंगामाच्या पहिल्या दिवशीची दाढी

वेंडेल डिटमरच्या सलूनबाहेर एक काळा फळा टांगलेला असे आणि त्यावर रोज सकाळी तो त्या दिवसाचे नाव लिहीत असे. वार किंवा तारीख नव्हे; ती कोणीही सांगेल. वर्षातला प्रत्येक दिवस कोणी ना कोणी कशाच्या तरी नावाने करून ठेवला आहे. वॉफलचा दिवस, पालकाचा दिवस, पेन्सिलीचा दिवस, हरवलेल्या मोज्यांच्या आठवणीचा दिवस, काडीला खोचून खायच्या कोणत्याही पदार्थाचा दिवस. ओहायोतल्या मिलर्सफोर्ड गावात हे सगळे दिवस मनापासून पाळणारा माणूस एकच होता. पालकाच्या दिवशी वेंडेल डब्यात पालक आणायचा आणि तोंड वाकडे न करता खायचा. पेन्सिलीच्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पेन्सिल मिळायची. मोज्यांच्या दिवशी तो दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून उभा राहायचा आणि कोणी हसले तर म्हणायचा, "हसा. तुमच्याही घरात एक मोजा एकटा पडलाय."

लोक त्याची चेष्टा करत, पण फळा वाचल्याशिवाय पुढे जात नसत. म्हातारा अल्विन प्रुइट, जन्मभर गावात टपाल वाटून आता निवृत्त झालेला, रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसे आणि फळ्यावर काहीतरी टोमणा मारी. त्याशिवाय सलून उघडल्यासारखे वाटत नसे.

वेंडेल उंच, किंचित पुढे वाकलेला, हाताने हळुवार आणि मनाने संशयी माणूस होता. हवामानवाल्यांनी ऊन पडेल म्हटले की तो छत्री घेई. दुकानदाराने काही स्वस्त दिले की डबा उलटा करून पाही. कोणी "सहज आलो होतो" म्हटले, तर सहज कसे काय, हे कोडे त्याला संध्याकाळपर्यंत पुरे. त्याची बायको लोईस चारचौघांत सांगायची, "मी लग्नाला हो म्हणाले, तेव्हा यानं मला विचारलं होतं, का?"

वर्षातून एकदा मात्र फळ्यावर नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिले जाई : आज पहिला दिवस. कसला, ते लिहावे लागत नसे. बेसबॉलचा हंगाम सुरू होण्याचा.

गावच्या संघाचे नाव हेरन्स, म्हणजे बगळे. आणि सगळे त्यांना बगळेच म्हणत. मिलर्सफोर्डची रीत अशी, की शरद ऋतूत शेवटचा सामना संपला की बगळ्यांचा मॅनेजर दाढी वाढवू लागतो. हिवाळाभर ती वाढते. मग हंगामाच्या पहिल्या दिवशी न्हाव्याची खुर्ची दोन घोड्यांच्या गाडीवर चढवतात, मॅनेजर तिच्यात बसतो आणि आगीच्या बंबाच्या शेडपासून मैदानाच्या फाटकापर्यंत मिरवणूक निघते. त्या चालत्या गाडीवर त्याची दाढी वस्तऱ्याने उतरवायची. फाटक येईपर्यंत हनुवटी गुळगुळीत झाली पाहिजे. मग मॅनेजर उभा राहून गालावरून हात फिरवतो, बँड वाजतो आणि गावाच्या लेखी तेव्हा कुठे हिवाळा संपतो.

ही दाढी पूर्वी लोईसचे वडील हर्शेल करत. सलूनही त्यांचेच. कितीतरी वर्षे हर्शेलने रक्ताचा एक थेंब न काढता ती केली होती. मग एके वर्षी ढोलाच्या आवाजाने घोडा बुजला, पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पडला, आणि त्या साली बगळे एप्रिलपासून जुलैपर्यंत एकही सामना जिंकले नाहीत. ठिपका पडला त्याच आठवड्यात हर्शेलने वस्तरा जावयाच्या हाती दिला आणि पुढे मरेपर्यंत त्या विषयावर चकार शब्द काढला नाही.

तेव्हापासून वस्तरा वेंडेलकडे होता आणि आजवर थेंब पडला नव्हता. त्याच्या हिशेबाने यंदा तो सासऱ्याच्या बरोबरीला येणार होता आणि पुढच्या वर्षी त्याच्या पुढे जाणार होता. मधे एका वर्षी एवढा पाऊस कोसळला की गाडी शेडच्या बाहेरच निघाली नाही. दाढी तिथेच उभ्या गाडीवर झाली. ते वर्ष वेंडेल धरत नसे. उभ्या गाडीवर कोणीही दाढी करील, असे त्याचे मत होते.

पुढच्या वर्षी. पण त्यासाठी यंदा आणि पुढच्या वर्षी वस्तरा त्याच्याच हातात राहायला हवा होता, आणि याच गोष्टीची धास्ती त्याने हिवाळ्यात घेतली होती. बशीत कप ठेवताना एकदोनदा खडखड झाली होती. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ग्राउंडहॉग नावाचा प्राणी बिळातून वर येऊन आपली सावली बघतो त्या दिवशी, अल्विनच्या कानाला जरासे लागले होते. अल्विन म्हणाला होता, "काढून टाक तो कान. तसाही त्यातून मला ऐकू येत नाही." सगळे हसले होते. वेंडेल हसला नव्हता. हसणाऱ्यांपैकी कोण जरा लवकर हसायचा थांबला, ते तो बघत होता.

आणि हमरस्त्याला डेरेक सॉवर्सचे नवे सलून उघडले होते. डेरेक तिशीतला, पोटरीवर अख्खा ड्रॅगन गोंदवून घेतलेला, हात दगडासारखा स्थिर.

पहिला दिवस गुरुवारी होता. गडबड सोमवारी सुरू झाली.

गडबड कसली, शांतता. सोमवारी पेन्सिलीचा दिवस होता. वेंडेलने फळ्यावर तसे लिहिले, कानाला पेन्सिल लावली आणि वाट पाहत उभा राहिला. अल्विन आला. फळा वाचला. आत येऊन खुर्चीत बसला, वर्तमानपत्र उघडले आणि त्याच्या मागे गडप झाला.

"पेन्सिल हवी का रे?" वेंडेलने विचारले.

वर्तमानपत्राच्या वरून एक हात आला, त्याने पेन्सिल घेतली आणि तो परत खाली गेला.

बँकेतला मॉर्टन आला. केस कापून होईपर्यंत तो आरशातही वेंडेलकडे बघेना. एरवी हा माणूस खुर्चीत बसला की त्याच्या तोंडाची टकळी थांबत नसे. मागे एकदा ती त्याला भोवली होती. रेडिओवर सामना चालला होता. चेंडू टाकणाऱ्या पिचरने नऊपैकी सातव्या डावापर्यंत समोरच्यांना एकही नीट फटका, म्हणजे हिट, दिली नव्हती. असा विक्रम होऊ घातला, की कोणी त्याचे नाव काढत नाही. संघातले सोबतीसुद्धा त्या पिचरपासून लांब जाऊन बसतात. त्याच्याशी बोलायचे नाही, बसायची जागा बदलायची नाही, चाललेय ते जसेच्या तसे चालू द्यायचे. बोललात की मोडले. मॉर्टन बोलला. "अरे, यानं अजून एकही हिट दिली नाही की!" पुढच्याच चेंडूवर हिट बसली. वेंडेलने त्याच्या गळ्यातले कापड काढले, दार उघडले आणि एवढेच म्हणाला, "बाहेर." अर्धे केस कापलेला मॉर्टन दोन दिवस टोपी घालून बँकेत बसला होता.

असा हा मॉर्टन सोमवारी मुका होऊन बसला, पैसे ठेवून गेला आणि जाताना दाराशी थबकून, काही बोलावे की नाही असा चेहरा करून, न बोलताच निघून गेला.

मंगळवारी तेच. अल्विन त्याच खुर्चीत, तोच शर्ट, तीच टोपी. त्याच्या मोज्यांनाही वास येऊ लागला होता. बाकीचे नेहमीचे लोक कालच्याच जागांवर. कोणी जागा चुकला तर दुसरा त्याला कोपराने ढकलून योग्य खुर्चीकडे लावत होता. वेंडेल वळला की कुजबुज थांबे; पाठ केली की सुरू होई.

मग त्याने त्यांची परीक्षा घ्यायचे ठरवले. दुपारी बाहेर जाऊन फळा पुसला आणि नवे लिहिले : आज गप्प बसणाऱ्यांचा दिवस.

असा दिवस अस्तित्वात नव्हता. फळ्यावर खोटा दिवस लिहिण्याची त्याची ही पहिलीच वेळ, आणि खडू ठेवताना त्याला थोडी लाजही वाटली. अल्विन बाहेर जाताना फळ्यासमोर उभा राहिला. त्याची मान थरथरली. एरवी एवढ्यावर तो आठवडाभर बोलला असता. पण तो ओठ घट्ट मिटून, जवळजवळ पळतच, कोपऱ्यावरून वळला.

वेंडेलने सलून बंद केले आणि त्याच्या मागे निघाला.

अल्विन गेला तो थेट बंबाच्या शेडकडे. तिथे मिरवणुकीची गाडी बाहेर काढलेली होती. शेजारी बगळ्यांचा मॅनेजर रस हॉलेनबेक उभा होता, छातीपर्यंत दाढी आलेला, भल्या थोरल्या अंगाचा. आणि गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. एका पोटरीवर ड्रॅगन होता.

"काय चाललंय?" वेंडेलने विचारले.

रसने आकाशाकडे पाहिले. अल्विन शीळ घालू लागला. गाडीखालून हातोडीचा आवाज येत होता, तो बंद झाला.

"डेरेक," वेंडेल खाली वाकून म्हणाला, "गाडीखाली काय हरवलंय तुझं?"

"काही नाही, मिस्टर डिटमर," गाडीखालून आवाज आला. "स्प्रिंगा बदलतोय. म्हणजे... जुन्या गंजल्या होत्या."

"त्या माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून गंजलेल्या आहेत. आत्ताच कशाला?"

गाडीखाली हातोडी पुन्हा सुरू झाली. परत जाताना त्याला आणखी एक गोष्ट दिसली. बँकेसमोरचा खड्डा बुजवलेला होता. गेली कित्येक वर्षे वेंडेल प्रत्येक वसंतात नगरपालिकेत जाऊन सांगत होता, की मिरवणुकीत ऐन गळ्याशी वस्तरा असताना गाडी त्या खड्ड्यात आदळते. दर वर्षी ते म्हणत, बघू. आणि आता डांबर अजून गरम होते.

वेंडेल तिथेच उभा राहून विचार करू लागला. गाडीला नव्या स्प्रिंगा. रस्ता सपाट. ही एवढी सोय कोणासाठी? जुन्या माणसासाठी कोणी करत नाही. नवा माणूस बसवायचा असला की त्याच्यासाठी करतात. पुढच्या वर्षी मी हर्शेलच्या पुढे जाणार, म्हणून यंदाच मला उतरवतायत. तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून नजर चुकवतायत.

घरी आला तर ताटात खिम्याचे मीटलोफ होते.

"आज पण?" तो म्हणाला.

"आवडतं ना तुला?" लोईस म्हणाली.

"मला रविवारी आवडलं होतं. सोमवारीही चाललं."

"मग मंगळवारनं काय घोडं मारलंय?"

"अगं, वास्तविक आज तुझा चर्चच्या बायकांबरोबर पत्ते खेळायचा दिवस. तू घरी कशी?"

"जावंसं नाही वाटलं."

"लोईस, तू माझ्यापासून काही लपवतेस का?"

"मी?" ती म्हणाली. "मीठ दे इकडे."

तिने मीठ आधीच घेतले होते. त्याने पाहिले होते. त्याने मीठ दिले. तिने ते पुन्हा घातले आणि तो खारट घास चेहरा न बदलता गिळला. चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्याला एवढे घाबरवले नव्हते. गाव गेले तर गेले, ही पण त्यांना सामील.

बुधवारी सकाळी फळ्यावर होते : आज खऱ्या मित्रांना ओळखण्याचा दिवस. कोणी काही बोलले नाही. अल्विनने डोळे पुसले, निदान तसे वाटले.

दुपारी वेंडेल स्वतःच मैदानावर गेला. पोरांचा सराव चालला होता आणि रस कुंपणाला टेकून सूर्यफुलाच्या बिया चावून टरफले थुंकत होता. वेंडेल त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. रस एक पाऊल बाजूला सरकला. वेंडेलही सरकला.

"उद्या गाडीवर कोण आहे, रस?"

"घोडे," रस म्हणाला.

"घोडे गाडीला असतात. गाडीवर कोण?"

"मी."

"आणि तुझ्या मागे?"

रसने तोंडातली सगळी टरफले एकदम थुंकली. त्याच्या दाढीत दोन अडकली. "वेंडेल," तो म्हणाला, "हवा फार छान आहे." आणि एवढा मोठा माणूस, कोणी पाठीस लागल्यासारखा, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला निघून गेला.

रसने अशी पाठ फिरवण्याचा प्रसंग याआधी एकदाच आला होता, त्याच्या घरी कोणी वारले होते तेव्हा. आता विचारायचे काही राहिले नव्हते.

रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, म्हणून तो परतताना औषधांच्या दुकानात शिरला. दुकान नुकतेच मिसेस रत्नायके यांनी चालवायला घेतले होते. त्या मूळच्या कोलंबोच्या. बोलायला गोड, कामाला चोख, आणि बेसबॉलमधले काही कळत नाही हे मोकळेपणाने सांगणाऱ्या. त्यांनी गोळ्या पुढे केल्या आणि हसून म्हणाल्या, "मिस्टर डिटमर, उद्यासाठी खूप शुभेच्छा हं. तीन दिवस माझ्या काउंटरवर सगळे तुमच्याबद्दलच बोलतायत."

"काय बोलतायत?" वेंडेलने विचारले. त्याने काउंटरची कड धरली होती.

"हेच, की उद्या तुम्ही तुमच्या सासऱ्यांचा विक्रम मोडणार. एवढी वर्षं चालत्या गाडीवर दाढी, आणि रक्ताचा एक थेंब नाही! मला तर ऐकूनच कमाल वाटली."

"उद्या नाही. पुढच्या वर्षी."

"नाही हो, उद्याच. ते मिस्टर प्रुइट बोटं मोजून सांगत होते. कुठल्या तरी वर्षी फार पाऊस होता म्हणे, ते धरून. सगळ्यांनी ते धरलंय."

दुकानात आणखी दोन बायका होत्या. एकीच्या हातातली खोकल्याच्या औषधाची बाटली खाली पडली. दुसरी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

मिसेस रत्नायकेंनी तिघांकडे पाहिले. "माझं काही चुकलं का? आमच्याकडे क्रिकेटमध्ये कोणी शंभराच्या जवळ आला, की सगळं मैदान टाळ्या वाजवून त्याला सांगतं."

"नाही नाही," वेंडेल म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही." पैसे द्यायला तो विसरला आणि परत आला, मग गोळ्या विसरला आणि पुन्हा परत आला.

रस्त्यावर आल्यावर त्याला सगळे एकदम दिसले. तोच शर्ट, तीच खुर्ची, तेच मीटलोफ. स्प्रिंगा. डांबर. हे लोक त्याच्यापासून तोंड लपवत नव्हते. सातव्या डावात एकही हिट न दिलेल्या पिचरपासून लांब जाऊन बसावे, तसे बसले होते. आणि हा नियम गावात सगळ्यांत कडक पाळणारा, मॉर्टनला अर्ध्या केसांनिशी हाकलणारा जो माणूस, त्यालाच ते ओळखता आले नव्हते. तो मोठ्याने हसला. बँकेच्या खिडकीतून मॉर्टनने त्याला हसताना पाहिले आणि घाईने पडदा ओढला.

हसू संपले तेव्हा तो सलूनच्या दाराशी पोचला होता, आणि किल्ली भोकात जाईना. त्याने हाताकडे पाहिले. हात थरथरत होता.

तीन दिवस तो अख्ख्या गावावर संशय घेत होता. आता संशय घ्यायला एकच गोष्ट उरली, ती त्याच्या मनगटाला जोडलेली. मिसेस रत्नायके बोलल्या होत्या. बोलले की मोडते. आणि नियम असा, की पिचरनेही ते बोलायचे नसते. म्हणजे लोईसलाही सांगायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी त्याने मीटलोफचे दोन तुकडे मागून घेतले. लोईसने त्याच्याकडे जरा निरखून पाहिले. तोही तिच्याकडे पाहत राहिला. दोघे हवेविषयी बोलले.

गुरुवारी सकाळी फळ्यावर मोठ्या अक्षरांत आले : आज पहिला दिवस.

मिरवणूक निघाली. पण एरवी असते तशी नाही. बँड होता, पण ढोलवाल्याने ढोलाला घोंगडी गुंडाळली होती. मुले शिट्ट्या फुंकत नव्हती. त्यांच्या आयांनी त्या काढून घेतल्या होत्या. दोन्ही फुटपाथ माणसांनी गच्च भरलेले आणि कोणी ब्र काढत नव्हते. डेरेक सॉवर्स एका घोड्याचा लगाम धरून चालत होता. वेंडेल गाडीवर चढताना त्याने नुसती मान हलवली. त्या मानेत काही खोट सापडते का, ते वेंडेलने सवयीने पाहिले. सापडली नाही.

रस खुर्चीत डोळे मिटून बसला होता. वेंडेलने आधी कात्रीने दाढीचा मोठा भार उतरवला, मग फेस लावला, वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला. गाडी हलली. नव्या स्प्रिंगांवर ती होडीसारखी चालली होती. एवढ्या शांततेत त्याला केस कापले गेल्याचा आवाज ऐकू येत होता, आणि वाटत होते, की तो सगळ्या गावाला ऐकू येतोय.

उजवा गाल झाला. डावा झाला. ओठावरचे झाले. बँकेसमोरून गाडी गेली, तेव्हा फुटपाथवरची माणसे सवयीने दचकली; पण काहीच झाले नाही. चर्चपाशी हात थरथरू लागला. वेंडेलने मनगट रसच्या खांद्यावर टेकवले आणि तिथून वस्तरा चालवला. तसे केले की हात बांधल्यासारखा राहतो. टपाल कचेरीच्या पायऱ्यांवर लोईस उभी होती. तिने हातातली पर्स पोटाशी एवढी घट्ट धरली होती, की आतला चष्मा मोडणार, असे त्याला वाटले.

आता हनुवटीखालचा पट्टा तेवढा राहिला होता. फाटक दिसू लागले होते. वेंडेलने रसची मान मागे केली. गळ्यावरून वर, एकदा. पुन्हा एकदा. शेवटचा फेस. तेवढ्यात रसने डोळे उघडले. त्याने वेंडेलच्या खांद्यावरून मागे, टपाल कचेरीच्या बाजूला पाहिले. आणि त्याची हनुवटी हलली.

पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पडला.

घोडे दोन पावले चालले आणि थांबले. बँड थांबला. वेंडेल वस्तरा हवेत धरून उभा राहिला.

"कापलं!" फुटपाथवरून अल्विन ओरडला. "कापलं रे! वेंडेलनं कापलं!" आणि त्या आवाजात दुःख नव्हते. धरण फुटावे तसा तो फुटला. "देवा, सुटलो! अरे गाढवा, गप्प बसणाऱ्यांचा दिवस म्हणे! त्यावर माझ्याकडे नऊ जोक होते, नऊ, आणि मी ते गिळून घरी गेलो! बायकोनं मला बाहेरच्या व्हरांड्यात झोपवलं या मोज्यांपायी!"

मग सगळेच बोलू लागले. मॉर्टन म्हणत होता, की अर्धे केस कापून मला हाकलले, तो माझा गुन्हा आता माफ झाला पाहिजे. ढोलवाल्याने घोंगडी फेकली. कोणी स्प्रिंगांचे सांगत होते, कोणी डांबराचे, आणि ज्याने त्याने त्यात आपला वाटा किती ते सांगितले. मिसेस रत्नायके गर्दीत उभ्या राहून शेजारणीला विचारत होत्या, की मग आता हे वाईट झाले की चांगले.

वेंडेलने तुरटीचा खडा जखमेवर दाबला आणि खाली वाकला.

"रस, तू हललास."

"मी? मी पुतळ्यासारखा बसलो होतो."

"तू हनुवटी हलवलीस. मी बघितलं."

"गाडी हलली असेल."

"गाडीला नव्या स्प्रिंगा आहेत."

"मग तुझा हात हलला."

"माझा हात तुझ्या खांद्यावर होता. खांदा हलला का तुझा?"

रसने त्याच्याकडे पाहिले, मग गालावरून हात फिरवला. "वेंडेल, आपण हा वाद पुढच्या वर्षी इथेच घालू. खुर्ची माझी, वस्तरा तुझा. चालेल?"

वेंडेलने डेरेककडे पाहिले. डेरेक घोड्याला गाजर भरवत होता. "चालेल," वेंडेल म्हणाला, आणि राहिलेला फेस पुसण्यासाठी टॉवेल शोधू लागला, कारण त्याला दुसरीकडे तोंड करायचे होते.

त्या दिवशी बगळे चांगले सणसणीत जिंकले. त्यामुळे गावापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. "म्हणजे हर्शेलच्या वेळी," अल्विन म्हणाला, "रक्ताबिक्ताचा काही संबंध नव्हता? आपण नुसतेच घाण खेळत होतो?"

संध्याकाळी ताटात पोर्क चॉप होते आणि उकडलेले बटाटे. लोईस गुणगुणत वाढत होती.

"पावसातलं ते वर्ष धरलं, तर तू बाबांच्या अगदी बरोबरीला आलास," ती म्हणाली. "दोघं सारखे. छान झालं की नाही?"

"धरलं तर," वेंडेल म्हणाला.

ती बसली, रुमाल मांडीवर पसरला, आणि म्हणाली, "मी रसला काही सांगितलं नव्हतं हं."

वेंडेलचा काटा हवेत थांबला. त्याने काहीच विचारले नव्हते.

"कशाबद्दल?" तो म्हणाला.

"कशाबद्दलही. सहज म्हटलं."

सहज. त्याने घास तोंडात घातला आणि सावकाश चावू लागला. सांगितले असेल तर का? नवऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरावे म्हणून, की बापाचे नाव खाली जाऊ नये म्हणून? दोन्ही कारणे तिला शोभण्यासारखी होती. ती त्याच्याकडे बघून हसली, तेव्हा त्यांतले कोणते कारण हसले ते त्याला कळेना.

तिला विचारण्यात अर्थ नव्हता. तिने मीठ मागितले असते. विचारायचे तर रसलाच, आणि तेही पुढच्या वर्षी, गाडी बँकेच्या पुढे गेल्यावर, हनुवटीला फेस आणि गळ्याशी वस्तरा असताना.